सहलीची चित्रवही: तुमच्याकडे आहे का कोणाकडे?

पऱ्हाटी:
काल कोठ्यात तुरीचं कुटार भरायचं म्हणून आतल्या पेट्या बाहेर काढल्या. एका पेटीत २०१३ सालची आमची अंदमानची चित्रवही निघाली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. दुपार तिथंच गेली, कुटार तसंच पडून.

बाबा रिटायर झाले, हाती पैसा आला, म्हणून घरचे सातजण निघालो. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, पुढं जवळपास तीन दिवस जहाज. कॅमेरा एकच, तोही काकाच्या गळ्यात. म्हणून आईनं नियम केला, रोज रात्री प्रत्येकानं वहीत काहीतरी काढायचं. बाबांनी फक्त हिशोब काढला. नारळपाणी, रिक्षा, परत नारळपाणी.

आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. आजीनं समुद्राचं पाणी जिभेवर ठेवलं अन् म्हणाली, "याच्यासाठी इतक्या दूर आणलं काय रे? आपल्या इहिरीले काय झालं होतं?" ते वाक्य मी लाटेच्या चित्राखाली लिहून ठेवलंय.

आजीला लिहिता येत नाही. सेल्युलर जेल पाहून आली त्या रात्री तिनं रांगोळीसारखे ठिपके मांडले, एका कोठडीचा एक ठिपका. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, तरी तिचं पान भरलं. कैद्याला समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, हे तिला फार लागलं होतं. ठिपके जोडलेच नाहीत तिनं.

तुमच्याकडे असेल तर सांगा.

तूरवाली:
रंग वाळत नाही तिकडे!! आपल्याकडे मे महिन्यात ब्रश कागदाला लागेस्तोवर कोरडा होते. तिकडे रात्री रंगवलेलं पान सकाळी ओलं, अन् समोरच्या पानावर त्याचाच छापा. माह्या वहीत प्रत्येक बेट दोनदा आहे.

मास्तर:
साडेपाचला अंधार. पोरगी म्हणे घड्याळ बिघडलं. बिघडलं नव्हतं, अंदमान पूर्वेला पार ९२ रेखांशापुढं, अन् साऱ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. अकोल्याच्या मानानं सूर्य जवळजवळ तासभर आधी बुडते. तिनं त्या दिवशी समुद्र सोडून घड्याळच काढलं, काटे मोठ्ठे.

भाकरतुकडा:
जहाज कोणाला लागलं नाही का बावा? मी तर चित्र काय, पेनसुद्धा धरला नाही. जवसाची चटणी नेली होती, ती पण पाहवेना.

तूरवाली:
@भाकरतुकडा चटणी नेली अन् खाल्ली नाही, पाप लागते 😄

विहीरवाला:
आमचे सगळे फोटो मोबाईलमधे होते. मोटर पाहायला वाकलो, मोबाईल विहिरीत. आता बायको म्हणते, पऱ्हाटीचं शिक काही.

सांजवात:
लेकरानं पोवळ्याचा एक तुकडा उचलला होता. नेता येत नाही म्हणून सांगितलं तर किनाऱ्यावर लोळून रडला. मग यांनी वही वाळूत ठेवली, तुकडा वर ठेवून पेन्सिल फिरवली, अन् तुकडा परत पाण्यात. त्या पानात अजून वाळू खरखरते. खाली त्यानं 'हॅवलॉक' लिहिलंय. आता पुतणी म्हणते काकू चूक आहे, स्वराज द्वीप लिहा. मी नाही खोडत.

मास्तर:
२०१८ ला बदललं ते. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मधे श्री विजयपुरम झालं. खोडू नका.

रानडुक्कर:
विषय सोडून विचारतो, हरभऱ्यावर घाटेअळी दिसून रायली का कोणाच्या? आमच्याकडे ढग आल्यापासून लय वाढली.

भाकरतुकडा:
@रानडुक्कर हो. शेतात पक्ष्यांसाठी काड्या रोवा, बगळे-साळुंक्या बसतात अन् वेचतात.

तूरवाली:
पऱ्हाटी, आजी आहेत का हो?

पऱ्हाटी:
आहे. कानानं कमी ऐकते. संध्याकाळी वही दाखवली. ठिपक्यांवर बोट फिरवत बसली होती, मधेच म्हणाली, "हे कमी पडले, पेन दे." तीनचार अजून मांडले अन् चहा मागितला.

सांजवात:
😭

रानडुक्कर:
@भाकरतुकडा काड्या किती लागतील एकराला?