परिचय : लायडनहून डबलसीट

प्रेषक : नवे सभासद, लायडन
विषय : नव्या सभासदांचा परिचय

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

नव्या सभासदांनी चार ओळींत आपला परिचय लिहून पाठवावा, असे आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी सुचवले होते. चार ओळींतच लिहायचे तर माझ्या पत्नीला नेदरलँड्समधील लायडन शहरातल्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांचे काम मिळाले, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिच्याबरोबर आलो, आणि मार्च महिन्यापासून आम्ही कालव्याकाठच्या एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत आहोत, ज्याचा जिना इतका उभा आहे की उतरताना शिडीवरून उतरावे तसे भिंतीकडे तोंड करून उतरावे लागते. मात्र एवढ्याने परिचय पुरा होत नाही, असे वाटल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पुण्यातील २६ वर्षांच्या संसारात आम्ही दोघे रोज किती वेळ एकत्र असायचो, याचा हिशेब मी इथे येऊन मांडला, आणि तो काही मला अभिमानास्पद वाटला नाही. ही सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने जायची, मी शाखेचे काम आवरून रात्री नऊच्या सुमारास परतायचो, आणि मधल्या वेळात फोनवर जे बोलणे व्हायचे ते गॅसचा सिलिंडर, मुलाची फी आणि सोसायटीची सभा यांपलीकडे जात नसे. इथे ही साडेपाचला घरी येते आणि सहाला आमचे जेवण होते. मार्चअखेर घड्याळे एक तास पुढे सरकल्यावर तर जेवणानंतरही बाहेर लख्ख उजेड राहू लागला आणि समोर दोन-तीन तासांची मोकळी संध्याकाळ आली, तेव्हा आमच्या लक्षात आले की आपल्याला बोलायला विषयच नाही. मुलाला फोन करून झाला, आज काय झाले ते सांगून झाले, आणि मग आम्ही दोघे खिडकीतून पाण्याकडे पाहत बसलो.

शेवटी पाट्या वाचण्याच्या निमित्ताने आम्ही बोलू लागलो. रोज संध्याकाळी फिरायला जायचे आणि दुकानांच्या पाट्यांवरून एक डच शब्द घरी आणायचा, असा नियम आम्ही केला. बटाट्याला हे लोक ‘आर्डअपल’, म्हणजे जमिनीतले सफरचंद म्हणतात, हे पहिल्याच आठवड्यात कळले. हातमोज्याला ‘हांतस्खून’ म्हणतात, म्हणजे हातात घालायचा जोडा. परंतु चपला-बुटांच्या दुकानावरचा ‘स्खून’ शब्द मी प्रथम मोठ्याने उच्चारला तेव्हा ही दचकून मागे वळली होती. त्या शब्दाचा अर्थ काय असेल, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. असा निरुपयोगी आणि आनंददायी वाद आमच्यात फार वर्षांनी झाला.

याच फेऱ्यांमध्ये घरांच्या भिंतींवर रंगवलेल्या कविता दिसल्या. १९९२ पासून हा उपक्रम सुरू झाला आणि आज शहरात अशा शंभराहून अधिक कविता आहेत, त्याही ज्या त्या भाषेत आणि ज्या त्या लिपीत. आम्हाला त्यांतील बहुतेक वाचता येत नाहीत, परंतु न कळणारी अक्षरे कुणीतरी एवढ्या निगुतीने भिंतीवर लिहिली आहेत, याचे अप्रूप कमी होत नाही.

आता सायकलीविषयी. आम्ही एकच सायकल घेतली, तीही जुनी, कारण दुसरी ठेवायला जिन्याखाली जागा नाही. तिच्या हँडलला ब्रेक नाहीत. पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. लहानपणापासून उतारावर उगाच पायडल उलटे फिरवण्याची सवय असलेल्या माणसाला हे कळेपर्यंत काय काय होते, ते मी सांगत बसत नाही. पुढे एकदा बाजारातून येताना पाऊस आला, तेव्हा ही पिशवी सांभाळत मागच्या कॅरियरवर बसली आणि आम्ही घरापर्यंत डबलसीट आलो. आमच्या तरुणपणी डबलसीट दिसले की हवालदार शिट्टी मारून उतरवायचा. इथे मोठ्या माणसाने कॅरियरवर बसणे कायद्याला मान्य आहे. मी ५४ वर्षांचा आहे आणि पत्नीला सायकलवर मागे बसवून पुलाचा चढ चढणे हे सुख मला वयाच्या चोविसाव्या वर्षीही मिळाले नव्हते.

बाजार बुधवारी आणि शनिवारी न्यूवे राइनच्या दोन्ही काठांवर भरतो. आम्ही शनिवारी तो उठण्याच्या बेतात असताना जातो, कारण त्या वेळी विक्रेते उरलेल्या फळांचे भाव ओरडून उतरवू लागतात, आणि त्यांच्या ओरडण्याची चाल महात्मा फुले मंडईतल्या चालीपासून फार लांबची नाही.

एक फजिती सांगून पुढे जातो. एका सोमवारी दुपारी मी एकटाच घरी असताना १२ वाजता अचानक भोंगा वाजू लागला, तोही गावभर, थांबत नाही असा. मी शेगडी बंद केली, पासपोर्टांची फाइल छातीशी धरली आणि तो जिना उतरून रस्त्यावर आलो, तर शेजारच्या आजी शांतपणे कुंडीतल्या झाडाची पिवळी पाने खुडत होत्या. माझ्या हातातल्या फाइलकडे पाहून त्यांना सगळे कळले. ‘पहिला सोमवार,’ एवढेच त्या म्हणाल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी देशभर धोक्याच्या भोंग्यांची चाचणी असते, हे त्या दिवसापासून मी विसरलेलो नाही. आता भोंगा झाला की मी कुकर लावतो.

मंडळाच्या पत्रिकेतली ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ आम्हीही पाहिली. परंतु वर्षभराचे संग्रहालय-कार्ड घेतल्यावर त्या ठिकाणांशी आमचा संबंध बदलला, हे नमूद केले पाहिजे. दर खेपेला तिकीट काढले की माणूस पैसे वसूल होईपर्यंत पाय ओढत राहतो. कार्ड असले की केवळ एका झाडासाठी दहा मिनिटे जाऊन येता येते. विद्यापीठाच्या १५९० साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्यानात १६०१ सालचे एक लॅबर्नमचे झाड आहे. मे महिन्यात त्याला पिवळे घोस लोंबू लागले, तेव्हा ही त्याच्याखाली उभी राहून ‘अरे, हा तर बहावा!’ असे मोठ्याने म्हणाली. तो बहावा नव्हे, पण कूळ एकच, शेंगांचे. त्या महिन्यात आम्ही सात वेळा तिथे गेलो.

पावसासाठी आमची जागा वेगळी आहे. प्राचीन वस्तुसंग्रहालयाच्या प्रवेशदालनात इजिप्तमधले ताफेचे मंदिर दगड-दगड जुळवून उभे केले आहे. आस्वानच्या धरणामुळे पाण्याखाली जाणारी स्मारके वाचवण्यास मदत केल्याबद्दल इजिप्तने १९६९ साली ते नेदरलँड्सला भेट दिले, आणि ते पाहण्यासाठी पैसे घेऊ नयेत, अशी अट घातली. त्यामुळे ओल्या छत्रीनिशी आत शिरून दोन हजार वर्षांच्या देवळासमोर बसता येते. देव नसलेल्या देवळातही ही बाहेर पडताना नकळत हात जोडते, आणि मी ते पाहिले नसल्यासारखे करतो.

आपला नम्र,
लायडनचा नवा सभासद

*

प्रेषक : एक जुन्या सभासद, द हेग
विषय : उत्तर : नव्या सभासदांचा परिचय

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र दोनदा वाचले. आपणा उभयतांचे स्वागत करते, आणि लगेच एक हरकतही नोंदवते, कारण वयाने तो अधिकार मला दिला आहे. आपण लिहिलेले सगळे सुख मार्च ते सप्टेंबर या महिन्यांतले आहे. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. आपल्या पत्नी कामावर जातील तेव्हा अंधार असेल आणि परततील तेव्हाही अंधारच असेल. त्या दिवसांत घरी असणाऱ्या माणसाने दुपारी एकदा तरी बाहेर पडलेच पाहिजे, मग पाऊस असो वा नसो. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा आताच बसवून घ्या, कारण डबलसीटला इथे दंड नसला तरी दिवा नसल्यास आहे.

मी १९८७ साली या देशात आले. तेव्हा दुकाने संध्याकाळी सहाला बंद होत आणि रविवारी उघडतच नसत; कायदाच तसा होता, तो १९९६ साली सैल झाला. यजमान कार्यालयातून येईपर्यंत सगळीकडे शटर पडलेले असायचे. आठवड्यातून एकच संध्याकाळ दुकाने नऊपर्यंत उघडी असत, आणि आमच्या शहरात ती गुरुवारची होती. आम्ही दोघे जेवायच्या आधीच निघायचो. विकत घ्यायला फारसे पैसे नसत, त्यामुळे काचेतून पाहायचो, आपल्या घरात कोणता दिवा शोभेल यावर बोलायचो आणि परत यायचो. माझा गुरुवारचा उपवास असे. परंतु बटाटा उपवासाला चालतो, आणि इथल्या नाक्यानाक्यावर तळलेल्या बटाट्याचे कोन मिळत, तेव्हा माझ्यासाठी नुसते मीठ घातलेला आणि यजमानांसाठी वर मेयोनेझ घातलेला, असे दोन कोन घेऊन आम्ही ट्रामच्या थांब्यावर उभ्या उभ्या खायचो. मेयोनेझमध्ये अंडे असल्यामुळे ते मला वर्ज्य होते. यजमान दर गुरुवारी न चुकता विचारायचे, ‘एक बुडवून बघतेस का?’

भाजीचे आपण काही लिहिले नाही, म्हणून सांगते. एखाद्या शनिवारी द हेगच्या मोठ्या बाजारात या. कार्ली, भेंडी, हातभर लांब चवळीच्या शेंगा, कढीपत्ता असे सगळे तिथे मिळते. विकणारे पुष्कळ जण सुरिनामी हिंदुस्तानी आहेत; त्यांचे पूर्वज १८७३ पासून मजूर म्हणून भारतातून दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत गेले, आणि १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्यातील अनेक कुटुंबे इकडे आली. त्यांच्या सरनामी बोलीत आणि आपल्या मोडक्या हिंदीत भाव करण्याची गंमत पाट्या वाचण्याहून कमी नाही. आणि हो, दुकानदार आपल्याशी इंग्रजीत बोलू लागला तरी आपण डचमध्येच उत्तर द्यावे. तो पुन्हा इंग्रजीत बोलेल. आपण पुन्हा डचमध्ये बोलावे.

आपली,
द हेगची एक जुनी सभासद

*

प्रेषक : नवे सभासद, लायडन (पत्नी)
विषय : उत्तर : नव्या सभासदांचा परिचय

ताई, नमस्कार.

ह्यांच्या पत्रात दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहिली अशी, की पुलाचा चढ ह्यांनी मला बसवून एकदाच चढला. समोरून वारा असला, आणि तो इथे बहुधा समोरूनच असतो, की मी सायकल चालवते आणि हे मागे बसून पिशवी धरतात. पिशवी चांगली धरतात.

दुसरी दुरुस्ती लिहावी की नाही, याचा मी विचार केला आणि ह्यांना विचारूनच लिहीत आहे. पहिले दोन महिने ह्यांना इथे फार जड गेले. मी एकदा दुपारी लवकर घरी आले, तेव्हा हे खिडकीत बसून वहीत काहीतरी लिहीत होते. पाहिले तर कालव्यातून दिवसभरात गेलेल्या बोटींची नोंद होती, वेळ आणि दिशा यांसह, शाखेच्या रजिस्टरसारखी आखलेली. मला हसू आले आणि लगेच रडूही आले. रोज एक शब्द आणण्याचा नियम आम्ही त्या संध्याकाळी केला. वही अजून आहे. आता तिच्या मागच्या बाजूला शब्द लिहिले जातात. बोटींची बाजू मी फाडू दिलेली नाही.

बाटल्यांचे मात्र ह्यांनी लिहायचे राहून गेले. पेयाच्या मोठ्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट आणि लहान प्लास्टिक बाटली किंवा डब्यामागे १५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी दर शनिवारी त्या यंत्रासमोर उभी राहते आणि चिठ्ठी बाहेर आली की मला पूर्वी रद्दी विकल्यावर व्हायचा तोच आनंद होतो. रद्दीचे पैसे आमच्याकडे माझे असत. तो नियम इथेही लागू आहे.

डिसेंबराविषयी आपण लिहिलेत ते मनावर घेतले आहे. दोन्ही दिवे काल बसवले. लायडनमध्येही दुकाने गुरुवारीच रात्री उघडी असतात, हे आम्हाला ठाऊक होते, पण त्यात काही करण्यासारखे आहे, हे सुचले नव्हते. येत्या गुरुवारी आपण येऊ शकाल का? द हेगहून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटे लागतात. आम्ही स्थानकावर घ्यायला येऊ, अर्थात पायी.

आपली,
लायडनची नवी सभासद

*

प्रेषक : एक जुन्या सभासद, द हेग
विषय : उत्तर : उत्तर : नव्या सभासदांचा परिचय

अवश्य येते. सहाच्या गाडीने निघेन आणि येताना कढीपत्ता आणेन. फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी तो पुसून कोरडा करावा लागेल. जेवण करून ठेवू नका, कोन घेऊ. यजमान गेल्यानंतर गुरुवार करणे मी सोडून दिले आहे, तेव्हा माझ्या कोनवर मेयोनेझ घालायला सांगावे.