१ नोव्हेंबरनंतर मंडळीत पडलेला अबोला : काय करावे?

प्रश्नकर्ता : कॅम्पातील तबलजी (बेळगाव)

सर्वांना जय ख्रिस्त. मी बेळगावातील एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा सभासद आहे. मंडळीचे नाव मुद्दाम देत नाही. गेली अठरा वर्षे रविवारच्या उपासनेत मी तबला वाजवतो आणि माझा थोरला मावसभाऊ पेटी वाजवतो.

गेल्या १ नोव्हेंबरला मी काळ्या दिनाच्या फेरीत गेलो आणि दंडावर काळी फीत बांधलेला फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. दोन तासांनी दादाने त्याच गटावर राज्योत्सवाच्या मिरवणुकीतला पिवळा-तांबडा ध्वज टाकला आणि खाली लिहिले, की ज्या राज्याचे पाणी पितो त्याच्याच नावाने सुतक पाळणाऱ्यांनी जरा विचार करावा. मी त्याला उत्तर दिले, ‘पगारासाठी मायबोली विकणारा.’ तो सरकारी नोकरीत आहे. शब्द त्याच्या वर्मी लागला, आणि तो लागावा अशीच माझी इच्छा होती, हे येथे कबूल करतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा मुंबई राज्यातला हा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला गेला. म्हणून त्या दिवशी येथे एका रस्त्यावर सण असतो आणि दुसऱ्या रस्त्यावर सुतक असते.

पंचकमिटीने त्याच रात्री गटावर राजकारण लिहिण्यास बंदी घातली. आता गटावर फक्त वचने आणि वाढदिवस येतात, परंतु दादा आणि मी बोलत नाही. गीत सुरू होण्यापूर्वी आम्ही एकमेकांकडे पाहून लय ठरवत असू; आता तो गायकांकडे पाहतो आणि मी चामड्याकडे. नाताळची फेरी दरवर्षी त्याच्याच अंगणातून निघते. मत बदलायची माझी तयारी नाही. मत न बदलता हे नाते कसे सावरावे, आणि कमिटीची बंदी योग्य आहे का, याविषयी जाणत्यांनी लिहावे.

निवृत्त शिक्षक, खानापूर

आपल्या प्रश्नातील दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यावर बहुतेक मंडळ्या चुकतात असे माझे मत आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण स्तेफनाच्या निवडीसाठी वाचतो आणि त्याच्या पहिल्या ओळीवरून पुढे सरकतो. पहिल्या मंडळीत पहिली उघड कुरकुर झाली ती भाषेच्या रेषेवर झाली. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांचे म्हणणे होते, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आणि इब्री बोलणाऱ्यांना मिळते. बारा प्रेषितांपुढे आपल्या कमिटीसारखा सोपा मार्ग होता. ‘मंडळीत भाषेचा विषय काढू नये’ एवढे म्हटले असते तर कुरकुर त्या दिवसापुरती थांबली असती, आणि विधवा उपाशी राहिल्या असत्या. प्रेषितांनी तक्रार ऐकली, सर्व शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे मोठ्याने वाचून पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. त्या काळी पॅलेस्टाइनातले काही यहूदीही ग्रीक नावे ठेवत, म्हणून यावर फार जोर देता येणार नाही. तरीही वाटपाचे ताट ज्यांची तक्रार होती त्यांच्या माणसांच्या हाती दिले गेले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

बारा शिष्यांचे उदाहरण प्रवचनांतून नेहमी ऐकू येते. जकातदार मत्तय रोमी व्यवस्थेसाठी कर गोळा करणारा आणि शिमोन जिलोत त्या व्यवस्थेचा वैरी, तरी दोघे एकाच पंगतीत बसले, असे सांगतात. ‘जिलोत’ म्हणजे बंडखोर पक्षाचा माणूस की नुसता धर्माभिमानी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून मी त्यावर इमारत उभी करीत नाही. शिवाय त्या दोघांचे संभाषण शुभवर्तमानात कोठेच नाही. सहाव्या अध्यायात मात्र भांडण आहे, सभा आहे आणि निर्णयही आहे.

तेव्हा गटावरील बंदी तात्पुरती म्हणून ठीक आहे. पण उपासनेनंतर तासभर बसून कोणाला काय बोचते हे कधी कोणी विचारले का? आमच्याकडे एकदा विचारले गेले, तेव्हा निम्मे भांडण राज्याचे नव्हतेच असे निघाले. कन्नड उपासनेला सकाळची वेळ आणि मराठी उपासनेला भर उन्हाची, हे त्याचे मूळ होते.

निपाणीची लेक, बेळगावची सून

मी कॅथलिक आहे. १ नोव्हेंबर हा आमचा सर्व संतांचा सण आणि दुसरा दिवस मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा. त्यामुळे या तारखेला माझ्या घरात तीन गोष्टी एकाच वेळी चालतात : दीर काळी फीत शोधतात, पुतण्या शाळेच्या राज्योत्सव कार्यक्रमासाठी कन्नड गीत पाठ करतो आणि आम्ही बायका दुसऱ्या दिवशी दफनभूमीत न्यायच्या मेणबत्त्या व फुले बांधतो.

आमच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादापूर्वी शांतीचे अभिवादन असते. शेजारच्याकडे वळून हात जोडायचे किंवा हात हातात घ्यायचा. मी तीन वर्षे थोरल्या जाऊबाईंच्या नेमक्या उलट बाजूला वळत आले. कारण एका निवडणुकीत त्यांनी माझ्या भावाविरुद्ध उघड प्रचार केला होता. अभिवादन झाले, विधी पूर्ण झाला, आणि मी निर्धास्तपणे प्रसाद घेतला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, की वेदीजवळ दान आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ‘तुझ्या मनात’ असे त्यात म्हटलेले नाही, ‘भावाच्या मनात’ म्हटले आहे, हे फादरांनी एकदा दाखवून दिले तेव्हा माझी पळवाट बुजली.

तबलजी, आपल्या भावाच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे. काळ्या फितीमुळे त्याला राग आला असेल, पण तो आपल्याला टाळतो तो पगाराच्या शब्दामुळे. फितीबद्दल क्षमा मागण्याची गरज नाही, शब्दाबद्दल आहे. त्याच्या घरी जा, गटावर लिहू नका, आणि क्षमा मागताना वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका. मी पहिल्या खेपेला ‘माझे चुकले, पण तुम्हीही’ असे म्हणाले होते. त्या ‘पण’मुळे आणखी चार महिने गेले.

सीमाभागातला एक

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी एक काळजी नोंदवतो. ‘प्रेम करा’ हे वचन आमच्याकडे बहुधा ज्याची तक्रार आहे त्यालाच सांगितले जाते. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ सालचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि या काळात माझ्या वडिलांची पिढी संपली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये राज्यांवर सोपवले आहे, तेव्हा मराठी शाळा मागणे हा द्वेष नव्हे. प्रेमाचा अर्थ मागणी सोडणे असा होणार असेल तर मला ते प्रेम परवडत नाही.

माझा स्वतःचा खरा कस मात्र सीमाप्रश्नाने लागला नाही. २०२१ च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झाले ते येथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या हिवाळी अधिवेशनात. पुढे २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घेण्याचा निर्णय घेतला, पण मधल्या काळात घरगुती प्रार्थनासभा घेतानाही आमचे लोक दारे लावून घेत. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदाने ज्या पक्षाने ते विधेयक आणले त्यालाच मत दिले होते आणि ते लपवलेही नाही. रस्ता आणि उमेदवार पाहून मत दिले, असे ते म्हणाले. मला ते कारण तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

अडचण अशी, की मला कन्नड वाचता येत नाही. शेताचा उतारा, पेन्शनचा अर्ज, नोटीस, सगळे कन्नडमध्ये येते, आणि मंडळीतील निम्म्या मराठी घरांचे हे कागद गेली कित्येक वर्षे तेच काका वाचून देतात, भरून देतात. त्या डिसेंबरानंतर मी दोन महिने एक नोटीस खिशात घेऊन फिरलो, त्यांच्याकडे गेलो नाही. शेवटी मुदत संपायला आली तेव्हा गेलो. त्यांनी चष्मा लावला, नोटीस वाचली आणि एवढेच विचारले, ‘इतका उशीर का केलास?’ मी खरे कारण सांगितले. त्यानंतर आम्ही दोन तास भांडलो आणि मग अर्ज भरला. भांडण अजून संपलेले नाही.

गोकाककर

माझी मातृभाषा कन्नड आहे, पत्नी मराठी आहे, म्हणून मराठीत लिहिण्याचे धाडस करतो. चुका पदरात घ्याव्यात.

‘ज्या राज्याचे पाणी पितो’ हे वाक्य आमच्या बाजूने सहज बोलले जाते आणि ते चुकीचे आहे. येथील मराठी माणूस पाहुणा नाही. मात्र आपल्या बाजूसही एक गोष्ट ठाऊक असावी. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कोडगू अशा निरनिराळ्या कारभारांत विखुरलेला कन्नड मुलूख १९५६ साली एकत्र आला. माझे आजोबा मुंबई राज्यात राहून कन्नड शाळेसाठी अर्ज करीत असत. त्यांच्यासाठी तो दिवस घरी परतल्याचा होता. त्या दिवशी काळा रंग दिसला की आमच्यापैकी अनेकांना आपल्या घरातील आनंदावर कोणी शोक करीत आहे असे वाटते. आपल्या दादाला नेमके हेच वाटले असेल असे मी म्हणत नाही. तो मराठीच आहे. त्याला विचारून पाहावे.

कोर्टाच्या पायरीवरून

वकील असल्यामुळे कोरडे लिहितो. कमिटीला दोन निरनिराळ्या गोष्टींत फरक करावा लागेल. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावावर मत मागणे, किंवा मत न दिल्यास देवाचा कोप होईल असे उमेदवाराने मतदारास भासवणे, हा निवडणुकीतील भ्रष्टाचार ठरतो. १९८८ च्या कायद्यानुसार धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. म्हणून वेदीवरून प्रचार नको, चर्चच्या आवारात पक्षाची सभा नको. कॅथलिक धर्मगुरूंना तर त्यांच्या चर्चकायद्यानेच सत्तेची पदे वर्ज्य केली आहेत. पण दोन सभासदांनी आपसांत मतभेद बोलू नयेत असे यातील कोणताही नियम म्हणत नाही. कमिटीने कायद्याची ढाल पुढे करू नये.

कॅम्पातील तबलजी

सर्वांचे आभार. शनिवारी संध्याकाळी दादाकडे गेलो. निपाणीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ‘पण’ टाळला, त्यामुळे माझे बोलणे दोन वाक्यांतच संपले आणि पुढे काय करावे ते सुचेना. वहिनींनी चहा आणला.

दादाने मला क्षमा केली असे म्हणता येत नाही. तो म्हणाला, की पगाराचा शब्द तो विसरला असता, पण त्याची नववीतली मुलगीही त्या गटावर आहे. तिने तो वाचला आणि त्याला विचारले, ‘काका म्हणतात ते खरे आहे का?’ मुलगी तिथे आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तीच मला शब्बाथशाळेत तबल्याचे बोल विचारायची. उद्या उपासनेनंतर तिच्याशी बोलणार आहे. काय बोलावे याची जुळवाजुळव अजून चालू आहे.

गोकाककरांनी सुचवलेला प्रश्नही दादाला विचारला. तो म्हणाला, त्याला राज्योत्सवाचे विशेष काही नाही. कार्यालयात दरवर्षी १ नोव्हेंबरच्या आसपास सहकारी त्याला थट्टेने विचारतात, ‘तुमची फीत कुठे आहे?’ अठरा वर्षे शेजारी बसून हे मला माहीत नव्हते.

पुढच्या वर्षीही फीत बांधणार, हे मी त्याला निघताना सांगितले. तो म्हणाला, ‘बांध. गटावर टाकू नकोस. इथे ये, मला दाखव, मग काय ते भांडू.’