‘कांय ना, गॅस जाला’: हृदयाच्या दुखण्याचे आपापले अनुभव सांगा

गेल्या चवथीला खतखतं-नेवऱ्यांचं जेवण झालं आणि थोरले दीर छाती चोळू लागले. म्हणाले, "कांय ना, गॅस जाला." सोडा झाला, सोलकढी झाली, पाठ शेकून झाली. दोन तास यातच गेले. कळ जबड्यात चढली, बनियन पिळावं इतका घाम आला, तेव्हा 108 ला फोन केला. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांना दाखवला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच दिलं. हार्ट अटॅक होता, जीव वाचला. पण त्या दोन तासांत रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू गेला तो गेलाच. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते, आता 40 टक्के आहे. तुमच्याकडे काय घडलं, लिहा.

फोंड्याहून
आईला 20 वर्षं मधुमेह. अटॅक आला तरी छातीत दुखलंच नाही! दोन दिवस नुसती मळमळ आणि जिना चढताना दम. मधुमेहात नसा बधिर झाल्या की कळ जाणवत नाही म्हणे. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

वाळपईहून
माझी गोष्ट वेगळी, झडपेची. लहानपणी घसा धरला, मग गुडघे सुजले. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानं हृदयाची झडप खाल्ली, हे विशी उलटल्यावर कळलं. आता धातूची झडप आहे. रात्री सगळं निजलं की टिकटिक ऐकू येते. भाची छातीला कान लावून म्हणाली, "मावशी, तू घड्याळ गिळलंस?" रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 2.5 ते 3.5 च्या मध्ये. तांबडी भाजी बंद नाही, पण एक आठवडा ढीगभर आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं चालत नाही. गोळीचा हिशेब चुकतो.

पेडण्याहून
मी बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडणारा शहाणा. 170/100 असतानाही काही जाणवत नव्हतं, हीच तर गोम. मासेमारी बंदीचे 61 दिवस आमच्याकडे सुकं नि खारं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात पाव-पापड-लोणचंही आलं. खारा बांगडा आता दोनदा पाणी बदलून भिजवतो. चव निम्मी जाते, खोटं कशाला बोलू.

डिचोलीहून
तुमच्या दिरांची अँजिओप्लास्टी झाली का? स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असेल तर दात काढायलासुद्धा गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या मनानं थांबवू नका. माझ्या भावानं थांबवल्या, आठवडाभरात स्टेंट बंद पडला.

धागाकर्ती
झाली, दुसऱ्याच दिवशी. गोळ्यांचा डबा जाऊबाईंच्या ताब्यात आहे. यंदा त्यांनी दिरांना दोनच नेवऱ्या वाढल्या. तिसरी दिरांनी माझ्या ताटातून उचलली.