लेकीला किनेसिऑलॉजी घ्यायचंय, पुढे फिजिकल थेरपी. कुणाचा अनुभव?

चाफेकळी
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ राहतो. लेक यंदा बारावीत आहे. दोन वर्षांपूर्वी बास्केटबॉल खेळताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशननंतर आठ-नऊ महिने थेरपी चालली आणि तेव्हापासून फिजिकल थेरपिस्टच व्हायचं हे तिच्या मनानं घेतलंय. त्यासाठी किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, हे मेजरही (पदवीचा मुख्य विषय) तिनंच ठरवलं. नवऱ्याचं म्हणणं, बायॉलॉजी घे, उद्या मन बदललं तर मेडिकलची वाट मोकळी राहील. पुण्याहून नणंद फोन करून सांगते, इकडे पाठव, बारावीनंतर थेट फिजिओथेरपीला. आणि मला तर किनेसिऑलॉजीत चार वर्षं नेमकं शिकवतात काय, हेच कळत नाहीये. १ मेपर्यंत कॉलेजला होकार कळवायचाय. कुणी शिकलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

ह्यूस्टनकर
नुसत्या किनेसिऑलॉजीच्या डिग्रीवर थेरपिस्टचं लायसन्स मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. पुढे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, करावंच लागतं. त्याची साधारण तीन वर्षं, आणि त्याला कुठलंही मेजर चालतं. मग बायॉलॉजी का नको? आमच्या वेळी किनेसिऑलॉजी हा खेळाडू मुलांचा विषय समजत.

गोदाकाठ
काकू, मी हेच करून आलेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आठवीपर्यंत नाशिकला होते, मग बाबांच्या नोकरीमुळे इकडे आलो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका कॅम्पसवर किनेसिऑलॉजी केलं, आता डीपीटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ह्यूस्टनकरकाका म्हणतात ते बरोबर, मेजर कुठलंही चालतं. खेळाडूंचा विषय हा समजही उगाच झालेला नाही, कारण यातले बरेच विभाग मुळात शारीरिक शिक्षणाचेच होते. बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ साली लेख लिहून मांडलं की शरीराची हालचाल हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, शाळेत खेळ शिकवायच्या तयारीपुरता तो नाही. नावं नंतर हळूहळू बदलली. मी ‘पीटी’, म्हणजे फिजिकल थेरपी, शिकतेय म्हटल्यावर माझ्या आजोबांनाही शाळेतला पीटीचा तासच आठवला होता, शिट्टी आणि कवायत.

पहिली दोन वर्षं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. खरा विषय तिसऱ्या वर्षी सुरू झाला. बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये जमिनीत फोर्स प्लेट बसवलेली असते. तिच्यावरून चालत गेलं की पाय जमीन किती जोरानं दाबतो त्याचा आलेख पडद्यावर उमटतो: दोन टेकड्या आणि मधे खिंड. टाच टेकून अंगाचा भार पायावर येतो ती पहिली टेकडी, पंजानं जमीन मागे रेटतो ती दुसरी. मग सरांनी आम्हाला अगदी सावकाश, जपून चालायला लावलं. टेकड्या जवळजवळ सपाट झाल्या. माझी आजी गुडघे दुखायला लागल्यापासून तशीच चालते. तिच्या चालण्यात काहीतरी हरवलंय हे मला लहानपणापासून दिसत होतं, काय हरवलंय ते त्या दिवशी पडद्यावर दिसलं. घरी आल्यावर मी तिला फोन केला आणि बराच वेळ तिच्या गुडघ्यांबद्दलच बोलत बसले.

त्याच वर्षी गुडघ्याचे कोन शिकलो. चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो, खुर्चीतून उठताना ९० च्या पुढे जातो. पुस्तकातला तक्ता तिथेच संपत होता. मी विचारलं, जमिनीवर बसणाऱ्या माणसाचं काय? प्रोफेसरबाईंनी टेबलं बाजूला सारायला लावली, सगळ्यांना उकिडवं बसवलं आणि आमच्या हातात सांध्याचा कोन मोजायचे गोनिओमीटर दिले. आकडे १३० च्याही वर गेले. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या. बाई म्हणाल्या, ज्याला जे करायचंय, तेवढा गुडघा त्याला हवा. मागच्या वर्षी क्लिनिकल रोटेशनला, म्हणजे पेशंटसोबतच्या प्रशिक्षणाला, गुडघा बदललेल्या एक पंजाबी आजी आल्या. त्यांच्या कागदावर ध्येय लिहिलेलं, ‘आधाराशिवाय खुर्चीतून उठणे’. मी त्यांना विचारलं, घरी गेल्यावर काय करावंसं वाटतं? त्यांना गुरुद्वारात जाऊन बसायचं होतं. सर्जन आणि माझ्या सुपरवायझर यांच्याशी बोलून आम्ही आधी कमी उंचीच्या स्टुलापासून सुरुवात केली. तो प्रश्न मला सुचला त्याचं मूळ त्या लॅबमध्ये आहे.

एक्सरसाइज फिजिऑलॉजीत तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळावं लागतं. दर ३ मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही, याला ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात. हृदयरोगाच्या रुग्णांनाही हीच चाचणी देतात. दम संपत आल्यावर माणसाला काय वाटतं हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं.

आता ज्यात माझं एक वर्ष अडलं ते सांगते. माझ्या डिग्रीला प्राथमिक केमिस्ट्रीचा एकच कोर्स पुरत होता. मला वाटलं, विभाग एवढ्या मुलांना पीटीला पाठवतो म्हणजे पुढचं सगळं त्यातच असणार. तिसरं वर्ष संपता संपता डीपीटीच्या प्रवेशाला लागणाऱ्या विषयांच्या याद्या उघडल्या तर बहुतेक ठिकाणी जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर आणि फिजिक्सची दोन सेमिस्टर, तीही सायन्सच्या मुलांसाठी असतात ती, लॅबसकट. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये केमिस्ट्री केली. इथल्या रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर पडतात, त्यामुळे पैशांची फारशी झळ बसली नाही. पण आठ आठवड्यांत सेमिस्टरभराचं शिकताना पहिल्या खेपेला ग्रेड खराब आली. परत केली तरी अर्जाच्या पीटीकॅस या प्रणालीत दोन्ही ग्रेड धरल्या जातात, जुनी पुसली जात नाही. त्या वर्षी मी अर्जच केला नाही. तुमच्या लेकीवर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

फिजिओताई
मी पुण्यात बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. आमच्या वेळी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप होती. आता न्यू जर्सीत काम करते. नणंदबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे आणि तिकडचं शिक्षण उत्तम आहे. वॉर्डात जितके पेशंट मी विसाव्या वर्षी हाताळले तितके इथल्या मुलांना त्या वयात बघायलाही मिळत नाहीत. पण मुलीला राहायचंय इथे. परदेशी पदवी असली की आधी तिची विषयवार तपासणी होते, काही विषय कमी निघाले तर ते भरून काढायचे, मग लायसन्सची परीक्षा. माझी दोन वर्षं त्यात गेली. इथेच वाढलेल्या मुलीनं हा वळसा का घ्यावा?

चाफेकळी
गोदाकाठ, तुमचं लिहिणं लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीच्या टेकड्यांपाशी ती एकदम गप्प झाली. नवऱ्याचा मेडिकलचा मुद्दा मात्र राहिलाच. आणि डीपीटीच्या याद्यांत ऑब्झर्व्हेशनचे तास लिहिलेले दिसतात, ते म्हणजे काय?

गोदाकाठ
काकू, मला अगं म्हणा. किनेसिऑलॉजी करून मेडिकलला जाता येतं. त्यांचेही ठरलेले विषय आहेत, ऑर्गॅनिक केमिस्ट्री वगैरे, ते वेगळे घ्यावे लागतील. काकांना सांगा, दार बंद होत नाही.

ऑब्झर्व्हेशन म्हणजे लायसन्स असलेल्या पीटीसोबत राहून काम बघायचं. कुठे ४० तास मागतात, कुठे १०० च्या वर, काही ठिकाणी आता मागतही नाहीत. तिला हॉस्पिटलमध्ये नक्की जायला सांगा. क्लिनिकमध्ये तिच्यासारखे गुडघेवालेच भेटतील. मी पहिल्यांदा हॉस्पिटलात गेले तेव्हा स्ट्रोक झालेले एक गृहस्थ पलंगाच्या कडेवर बसले होते. थेरपिस्टनं त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि सांगितलं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा. अंगाचा तोल पावलांवर आल्याशिवाय उठता येत नाही, हे मी त्याच महिन्यात परीक्षेत लिहिलं होतं. तिसऱ्या प्रयत्नात ते उभे राहिले. बायको दारात उभी होती, ती रडायला लागली. मी त्या दिवशी नक्की ठरवलं.

पहिलं काम म्हणून तिला आवडतील अशा पाच डीपीटी कॉलेजांच्या विषयांच्या याद्या काढायला सांगा आणि एकाच तक्त्यात मांडायला सांगा. मला व्यनि (खाजगी निरोप) करू दे, मी माझा तक्ता पाठवते.

चाफेकळी
काल रात्री बापलेकीनं बसून पाच कॉलेजांचा तक्ता केला. किनेसिऑलॉजीतली केमिस्ट्री त्यातल्या चार ठिकाणी चालत नाहीये. होकार देण्याआधी कॉलेजच्या ॲडव्हायझरला विचारायचंय, सायन्सवाल्यांच्या केमिस्ट्रीत पहिल्याच सेमिस्टरला जागा मिळेल का. मेल लेकीनंच लिहिलाय. आणि गं, तिनं तुला व्यनि केलाय, बघ.