मदत हवी आहे: कोऱ्या लेबलची पंक सेव्हन-इंच ओळखायची आहे आणि सगळ्यांना ऐकवायची आहे

मंडळी, नमस्कार.

पंक सिंगल्सचा एक गठ्ठा घेतला होता, त्यात ही सेव्हन-इंच, म्हणजे सात इंची छोटी रेकॉर्ड, निघाली. दोन्ही बाजूंना कोरं पांढरं लेबल. छापलेलं, लिहिलेलं, शिक्का मारलेलं काहीही नाही. कव्हर नाही, आत कागद नाही. ज्यांच्याकडून गठ्ठा घेतला त्यांनाही ती कुठून आली ते आठवत नाही.

रेकॉर्ड ४५ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची आहे. पहिल्या बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दोन. गाणारी बाई आहे, भाषा इंग्रजी. गिटार पातळ आणि कर्कश, बास मात्र भरदार आणि सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. गिटार अचानक थांबते, नुसता बास आणि तिचा आवाज उरतो, आणि ड्रमर एक ठोका आधीच आत घुसतो. ती गाता गाता हसते आणि पुढची ओळ तशीच रेटून नेते. पुन्हा टेक घ्यायला स्टुडिओचा वेळ उरला नसेल किंवा त्यांना ते तसंच आवडलं असेल. त्या एका जागेसाठी मी ही बाजू पुन्हा पुन्हा लावते. दुर्मिळ असणं बाजूला ठेवलं तरी ही गाणी खरोखर चांगली आहेत, म्हणून हा धागा.

आतापर्यंत केलेली शोधाशोध: डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर रन-आउटमधला नंबर टाकून पाहिला, काही नाही. गाणी ओळखणारी ॲप गप्प. जेवढे शब्द कळतात तेवढे टाईप करून शोधले, तिथेही काही नाही. जुन्या अनोळखी सिंगल्सच्या 'किल्ड बाय डेथ'सारख्या संकलनांत जेवढं मिळालं तेवढं ऐकलं, त्यात ही गाणी नाहीत.

आता रन-आउट, म्हणजे शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा. दोन्ही बाजूंना एक नंबर आहे, पुढे आडवी रेघ आणि ए किंवा बी. शेवटचा आकडा १ आहे की ७, ते नीट वाचता येत नाही. पहिल्या बाजूला हाताने कोरलेलं 'पोर्की' स्पष्ट दिसतं. दुसऱ्या बाजूला हाताने कोरलेलं एक अख्खं वाक्य आहे, पण त्यातले पहिले दोनच शब्द लागतात.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. रन-आउटवरून आणखी काय काढता येईल? रेकॉर्ड नीट डिजिटाइझ कशी करू? सुरुवातीची काही सेकंदं बरीच खरखरतात आणि तबकडी किंचित वाकलेली आहे. त्याच गठ्ठ्यात एक जपानी फ्लेक्सीही (पातळ, वाकणारी प्लास्टिकची रेकॉर्ड) आहे, तिला हात लावायचीच भीती वाटते.

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. ही गाणी शेअर करायची कशी?

माझं म्हणणं थोडं सविस्तर मांडते. या रेकॉर्ड ज्या विचारातून निघाल्या त्यात माहिती वाटून टाकणं हा गाभाच होता. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडने १९७७च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतून काढली. ओळखीच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि पहिल्यांदा १००० प्रती छापल्या. कोणतं गाणं कितव्या टेकचं, त्यावर नंतर काही चढवलं का, हे त्यांनी कव्हरवरच सांगितलं. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्सनी आपल्या दुसऱ्या सिंगलच्या कव्हरवर पहिलीचा खर्च छापला: ५०० प्रती, १५३ पौंड. स्क्रिटी पोलिटींनी १९७८च्या पहिल्या सिंगलवर रेकॉर्डिंगपासून छपाईपर्यंतचा हिशेब दिला. क्रास या बँडच्या कव्हरवर तर 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' म्हणून किंमतच छापलेली असायची. आम्ही केलं, तुम्हीही करा, हे सांगण्यासाठी काढलेली रेकॉर्ड कपाटात कुलूपबंद ठेवून तिचा भाव वाढायची वाट बघणं मला पटत नाही.

आणि ऐकवल्याने काय होतं तेही दिसलं आहे. डेट्रॉइटच्या डेथ या तीन भावांच्या बँडने १९७६ मध्ये सिंगल काढली, ५०० प्रती. पुढची कितीतरी वर्षं ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मग संग्राहकांनी ती शोधली, एकमेकांना ऐकवली, आणि १९७५ची रेकॉर्डिंग्ज २००९ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आली. भाऊ हयात असताना, एक सोडून. त्यांच्या दृष्टीने हा फार मोठा उशीर, पण निदान झालं.

दुसरी बाजूही आहे. 'किल्ड बाय डेथ'ची मालिका १९८९ पासून निघाली, आणि त्यातलं बरंचसं न विचारता छापलेलं होतं. तिच्यामुळे कितीतरी गाणी वाचली हे खरं. पण आपलं गाणं दुसऱ्याने छापून विकलं हे ज्यांना नंतर कळलं, त्यांच्या जागी मी असते तर मला राग आला असता. या बाईने हसत हसत जी ओळ गायली ती तिची आहे. तिला न विचारता मी ती जगाला देऊ का? आणि विचारायचं तर कुणाला? तुमच्यापैकी कुणी अशी रेकॉर्ड शेअर केली असेल तर कशी केली, ते सांगा.

प्रतिसाद

'पोर्की' दिसलं म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. ही जॉर्ज पेकहॅम या इंग्लंडमधल्या कटिंग इंजिनिअरची, म्हणजे छपाईआधी मूळ तबकडीवर गाण्यांच्या रेघा कोरणाऱ्याची सही. 'अ पोर्की प्राइम कट' असंही तो कोरायचा. त्यामुळे लॅकर, म्हणजे ती मूळ तबकडी, इंग्लंडमध्ये कापलं गेलं असं धरून चला. पण तो मोठ्या कंपन्यांचंही काम करायचा आणि चार पोरांनी पैसे जमवून काढलेल्या सिंगल्सचंही, तेही बरीच वर्षं. नुसत्या सहीवरून साल ठरणार नाही.

कापणं एकीकडे आणि छापणं दुसरीकडे, असंही पुष्कळ व्हायचं. हाताने कोरलेलं ते कटिंग करणाऱ्याचं. ठोकून उमटवलेली, एकसारखी, टाईपसारखी अक्षरं असतील तर ती बहुधा कारखान्याची. 'एमपीओ' दिसतंय का पाहा. दिसलं तर रेकॉर्ड फ्रान्समधल्या कारखान्यात छापली गेली. इंग्लंडच्या छोट्या लेबलांची बरीच कामं तिथे जायची. मधल्या भोकाभोवतीचा तुकडा मोडून काढता येतो की सलग आहे, लेबल कागदाचं आहे की थेट प्लास्टिकवर रंगवलंय, हेही लिहा.

अक्षरं वाचायची युक्ती: खोलीत अंधार करा आणि टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरून हळूहळू फिरवा. सरळ वरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. तरी नाही जमलं तर पट्ट्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल अलगद फिरवा. फक्त गुळगुळीत भागावर, गाण्यांच्या रेघांवर नाही.

आणखी एक. कोरं लेबल म्हणजे टेस्ट प्रेसिंग असू शकतं, म्हणजे छपाई बरोबर आली का हे तपासायला काढलेल्या पहिल्या काही प्रती. तसं असेल तर तीच रेकॉर्ड छापील लेबलसह कुठेतरी नोंदलेली असेल आणि तिचा रन-आउट तुमच्याशी जुळेल. नंबर टाकताना रेघ काढून, मोकळी जागा सोडून, नुसते आकडे, असं सगळं करून पाहा. शिवाय तो नंबर लेबलचा नसून कारखान्याच्या कामाचा असू शकतो. असे नंबर बहुधा ओळीने चालतात, तेव्हा आगेमागे दहावीस नंबर शोधा. शेजारच्या नंबरांच्या रेकॉर्ड कोणत्या वर्षीच्या आहेत हे कळलं की तुमचीही साधारण वेळ ठरते.

प्रतिसाद

ताई, डिजिटाइझ करण्याबद्दल मी लिहितो.

आधी धुवा, मग वाजवा. उलट करू नका, कारण सुई धूळ रेघेत दाबून बसवते. डिस्टिल्ड वॉटर आणि रेकॉर्डसाठी मिळणारं साधं द्रावण पुरेसं आहे, लेबल कोरडं ठेवा. पूर्ण सुकल्यावर जे पहिलं वाजवणं असेल तेच रेकॉर्ड करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आवाजाचं शिखर कमालपेक्षा निदान ६ डेसिबल खाली. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. ही कच्ची फाईल एफएलएसीमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाईल प्रकार) तशीच जपून ठेवा, तिच्यावर एकही फिल्टर लावू नका. साफसफाई कॉपीवर करा आणि तीही हात राखून. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर झांजांचा वरचा भाग आधी खातं, आणि पंकमध्ये झांज गेली की जीव गेला.

सुरुवातीची खरखर बहुतेक झिजेची आहे. वेगळ्या आकाराची सुई मिळवून पाहा. गोल टोकाची सुई रेघेच्या भिंतीला जिथे टेकते तिथे लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक टोकाची टेकत नाही, त्यामुळे कधी कधी न झिजलेला भाग सापडतो. रेकॉर्डिंग मोनो आहे का तेही तपासा. एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळा. गाणं जवळजवळ नाहीसं होऊन नुसती टकटक उरली तर मोनो आहे. मग दोन्ही चॅनल सरळ एकत्र केलेत की बराच कचरा आपोआप जातो.

वाक किरकोळ असेल आणि सुई उडत नसेल तर तबकडीला हात लावू नका. ऊब देऊन सरळ करायचे उपाय वाचायला मिळतील, पण एकुलत्या एका प्रतीवर ते करायचे नाहीत.

फ्लेक्सी वाजवायला एक जुनी, नको असलेली एलपी खाली ठेवा आणि फ्लेक्सी तिच्यावर. घसरत असेल तर मध्यभागी, रेघांच्या आत, एक नाणं ठेवा. सुईचं वजन कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) सांगितलेल्या मर्यादेपुढे नेऊ नका. जपानमध्ये ऐंशीच्या दशकात हार्डकोर पंक बँडनी फ्लेक्सी बऱ्याच काढल्या. ती कोणाची आहे ते लिहाल का?

एक तपास सुचवतो. कच्च्या फाईलचा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला आवाज किती, याचा आलेख) काढा आणि गाण्यांमधल्या शांत जागेत विजेची गुणगुण शोधा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती शिरली असेल तर ५० हर्ट्झच्या आसपास म्हणजे ब्रिटन किंवा युरोप, ६०च्या आसपास म्हणजे अमेरिका. तुमच्या स्वतःच्या यंत्राची गुणगुण वेगळी काढायला सुई उचलून थोडं रेकॉर्ड करा आणि ते वजा धरून बघा.

प्रतिसाद

शेअर करण्याबद्दल. मालक सापडत नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही. ब्रिटनमध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ७० वर्षं टिकतो, म्हणजे १९७७ची रेकॉर्ड २०४७च्या अखेरपर्यंत. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क त्याहून वेगळा.

मी करतो ते सांगतो. आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा, लेबलचे आणि रन-आउटचे फोटो, आणि 'हे कोण आहेत?' एवढाच प्रश्न. बँडमधलं कुणी, कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी, तुकडा ऐकून पुढे येते असा माझा अनुभव आहे. त्यांना पूर्ण फाईल पाठवा, कारण बऱ्याचदा त्यांच्याकडेही प्रत उरलेली नसते. मग पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पैसे कुठल्याही टप्प्यावर नाहीत, जाहिरातीचेसुद्धा नाहीत.

जुनी फॅन्झिन्सही (चाहत्यांनी काढलेली मासिकं) चाळा. ऐंशीच्या दशकातली असेल तर १९८२ पासून निघालेलं 'मॅक्सिमम रॉकनरोल' बघाच, त्यात छोट्यातल्या छोट्या सिंगलचं परीक्षण पत्त्यासकट यायचं. त्यांचा स्वतःचा रेकॉर्डसंग्रहही प्रचंड आहे, कव्हरच्या कडेला हिरवी टेप लावलेला. त्याआधीची असेल तर बीबीसीचे निवेदक जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या याद्या पाहा, श्रोत्यांनी केलेल्या टेपवरून चाहत्यांनी त्या जमवल्या आहेत. 'बाई गाते, तीन गाणी, एक आणि दोन' हे वर्णनसुद्धा शोधायला पुरेसं असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च तिरपा धरल्यावर अक्षरं खरंच उभी राहिली. शेवटचा आकडा ७ आहे. एमपीओ नाही. मधला भाग सलग आहे, लेबल कागदाचं. नंबर हाताने कोरलेला नाही, ठोकलेला आहे, तेव्हा तो कारखान्याच्या कामाचा असावा असं दिसतं. दुसऱ्या बाजूचं वाक्य एका पाळीव कुत्र्याला उद्देशून आहे आणि त्यात कुत्र्याचं नाव आहे! ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. बँडमधलं कुणी पुढे आलं तर ओळख पटवायला तोच पुरावा.

गुणगुण ५०ची निघाली. माझ्याकडची वीजही ५०चीच, पण सुई उचलल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते आणि गाण्यांमध्ये परत येते.

तिसरा प्रतिसाद वाचून माझंही ठरलं. पूर्ण गाणी आत्ता टाकणार नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यातला तो थांबणारा भाग अर्ध्या मिनिटाचा करून टाकते, सोबत लेबल आणि पहिल्या बाजूच्या रन-आउटचे फोटो, आणि मला ऐकू आले तेवढे शब्द. इंग्रजी उच्चारांची चांगली जाण असलेल्या कुणी ते शब्द तपासले तर फार उपयोग होईल. दुसऱ्या कडव्यात एका रस्त्याचं नाव येतं असं वाटतं, पण ते मला लागत नाही.

तुमच्या संग्रहात याच्या आगेमागे नंबर असलेली, सलग मधल्या भागाची, कागदी लेबलची सेव्हन-इंच असेल तर तिच्या रन-आउटचा फोटो इथे टाका, बँड कितीही अनोळखी असला तरी चालेल. फ्लेक्सीचं नाव जपानी लिपीत आहे, तिचा फोटो वेगळ्या प्रतिसादात देते.