मदत हवी आहे: मोडी वाचनाचा सराव पुढे कसा चालू ठेवावा?

मी पुण्यात इतिहास विषय घेऊन कला शाखेच्या तृतीय वर्षात शिकत आहे. तीन वर्षांत सर्वाधिक आवडलेला तास कोणता असे विचाराल, तर गुणपत्रिकेत ज्याची नोंदही होत नाही असा शनिवारचा मोडी लिपीचा तास! आधी आखलेल्या शिरोरेघेखाली, दोन शब्दांत जागा न सोडता आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न ठेवता लिहिलेली एक ओळ सोडवण्यात आमचा अर्धा तास गेला, आणि ती निघाली तांदळाच्या हिशेबाची. त्यावरचा वाद कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत चालला.

येत्या एप्रिलमध्ये हा वर्ग संपेल. पुण्यातच पेशवे दफ्तर आहे, 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. मात्र माझ्यासारख्या नवशिक्या विद्यार्थ्याने तेथील कागद पाहण्यासाठी अर्ज कसा करावा, सोबत महाविद्यालयाचे पत्र लागते का, आणि आरंभी पेशवेकालीन वळणाचे कागद घ्यावेत की इंग्रजी अमदानीतील, याविषयी अनुभवी वाचकांनी कृपया मार्गदर्शन करावे. आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचणारा एखादा गट ठाऊक असल्यास तेही अवश्य कळवावे.