मदत हवी आहे: टीबीच्या जंतूतला कॉर्ड फॅक्टर तेलातून विषारी, पाण्यातून नाही, असं का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला विषय घेतलाय टीबीच्या जंतूतली विषारी लिपिडं, म्हणजे चरबीसारखे पदार्थ. त्यातच २४ मार्चला, क्षयरोग दिनी, पूर्व भागात विडी कामगार बायकांसमोर हेच साधं करून सांगायचंय.

जे कळलंय ते आधी लिहिते. जंतूच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिडं असतात, ७० ते ९० कार्बनच्या लांबलचक साखळ्या. म्हणून झील-नील्सन पद्धतीनं जंतू रंगवताना कार्बोल फुक्सिनचा लाल रंग एकदा चढला की अ‍ॅसिडनंही उतरत नाही. निळ्यावर लाल काड्या उठून दिसतात. टीबीचं औषध आयसोनियाझिड ही अ‍ॅसिडंच बनू देत नाही. अशी दोन अ‍ॅसिडं ट्रेहलोज साखरेला जोडली की झाला कॉर्ड फॅक्टर. वाढणारे जंतू सुताला पीळ घालावा तसे एकमेकांना बिलगून दोऱ्या करतात, त्या याच्यामुळे. (यंत्रमागाशेजारी वाढलेय, हे लगेच डोक्यात शिरलं.) १९५० मध्ये ह्युबर्ट ब्लॉख यांनी पेट्रोलियम ईथरनं हा भाग धुऊन काढला, तरी जंतू जिवंतच होते.

आता अडतंय ते. हेच लिपिड खनिज तेलातून उंदरांना टोचलं तर ते खंगून मरतात. पाण्यातून टोचलं तर काही होत नाही. रेणू तर तोच! शिवाय रोग न करणाऱ्या मायकोबॅक्टेरियातही तो सापडतो. मग विषारी म्हणायचं कशाच्या जोरावर?

दुसरं, मागच्या वेळी एका मावशींनी विचारलं, "जंतूत चरबी असती म्हणता, मग आम्ही तेल-तूप बंद करायचं का ओ?" मी नुसतं "नाही" म्हटलं. कारण काय सांगू?

प्रतिसाद १
पाण्यात हे रेणू गोळा होतात आणि शेपट्या (मायकोलिक अ‍ॅसिडच्या लांब साखळ्या) आत दडवतात. तेलाच्या कडेला ते एकाच थरात पसरतात. तो थर पेशींना घातक. सेमिनारात या मांडणीवरच वेळ घालव, मजा तिथंच आहे. रोग न करणाऱ्या जातींबद्दल म्हणशील तर कॉर्ड फॅक्टर एकट्यानं टीबी करत नाही. जोडीला पीडीआयएम, सल्फोलिपिड अशी भिंतीतली दुसरी लिपिडं लागतात, ती स्मेग्मॅटिस या रोग न करणाऱ्या जातीकडे नाहीत. सल्फोलिपिड-१ वेदनेच्या मज्जापेशींना चेतवतं आणि त्यानं गिनीपिग खोकतात, हे २०२० मध्ये दाखवलंय. बायकांना हे जरूर सांग. तिथं प्रत्येक खोकला तंबाखूच्या धुळीवर ढकलला जातो. दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायलाच हवी.

प्रतिसाद २
मावशींसाठी: ही लिपिडं जंतू स्वतः तयार करतो, ती ताटातून येत नाहीत. गोडेतेलातली फॅटी अ‍ॅसिडं बहुतेक १६-१८ कार्बनची. टीबीत वजन उतरतं, त्यामुळे तेल-तूप तोडणं उलट नुकसानीचं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला महिन्याला १००० रुपये खाण्यासाठीच मिळतात, तेही सांगा. मात्र गोळ्या सुरू असताना डोळे पिवळे झाले, उलट्या लागल्या, तर लगेच डॉक्टर. तो औषधांचा यकृतावरचा परिणाम असू शकतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. पुढचा प्रश्न शेंगाचटणीचा येणार, आत्ताच सांगते!

प्रतिसाद २
चालेल की. शेंगदाण्यात प्रथिनंही आहेत. गोळ्यांनी मळमळत असेल तर तिखट तेवढं कमी.